वेबसाइटचं काम घेताना करार करायचा का? सांगलीतल्या फ्रीलान्सरना पडणारे नेहमीचे प्रश्न

मी विश्रामबागेत घरीच बसून वेबसाइटची कामं करतो. अकरा वर्षं झाली, त्यातली पहिली चार कसलाही कागद न करता गेली आणि त्या चार वर्षांची उधारी अजून वहीत तशीच आहे. नवीन पोरं फोन करतात, चहाला भेटतात, आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच लिहून काढलं. मी वकील नाही, मोठ्या रकमेचं काम असेल तर वकिलाला दाखवून घ्या, त्याची फी बुडालेल्या पैशापेक्षा कमीच असते.

आपल्याकडं सगळं शब्दावर चालतं. कागद पुढं केला की माणूस दुखावत नाही का?

दुखावतो की. "आमच्यावर विश्वास नाही व्हय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठच झालंय. मार्केट यार्डात हळदीचा, बेदाण्याचा सौदा बघा. बोली तोंडानंच होते, पण शेतकरी घरी निघतो तेव्हा त्याच्या खिशात पट्टी असते, किती पोती, काय दर, हमाली किती, तोलाई किती, हातात किती. पट्टी मागितली म्हणून आजवर कुणी रागावलेलं मी बघितलं नाही. मग मीपण तसंच म्हणतो, "शेठ, ही आपल्या कामाची पट्टी." ॲग्रीमेंट म्हटलं की माणसाला काळा कोट दिसतो, पट्टी म्हटलं की हिशोब दिसतो. कागद तोच असतो.

आणि खरं सांगायचं तर कोर्टात जायला म्हणून हा कागद नसतोच. दोन पानं समोर ठेवून बसलं की जे प्रश्न दोन महिन्यांनी भांडणात निघाले असते ते पहिल्याच दिवशी चहा पिता पिता निघतात. "फोटो कोण काढणार?" "इंग्लिशमधून पण पाहिजे का?" "धाकटे मालक नंतर येऊन बदलणार का?" माझ्या मते कराराचा नव्वद टक्के उपयोग सही व्हायच्या आधीच होऊन जातो.

तुमचं स्वतःचं असं काय झालं होतं?

तासगाव साइडचे एक बेदाणावाले, ३५ हजाराला काम ठरलं, वीस आले. साइट झाली, मोठ्या मालकांना आवडली, पेढे पण दिले. मग पुण्याहून पुतण्या सुट्टीला आला. रात्री साडेदहाला व्हॉइस नोट, "दादा ते हिरवं जरा डल वाटतंय." हिरव्याचं सोनेरी केलं, मग हेडर, मग लोगो मोठा, मग लोगो अजून मोठा, अकराव्या वेळेला पुतण्या म्हणाला की पहिलंच बरं होतं. त्यात दोन महिने गेले, तोवर द्राक्षाचा सीझन आला, फोन उचलणं बंद. १५ हजार गेले ते गेलेच. चूक त्यांची कमी, माझी जास्त, कारण किती वेळा बदल आणि कुणाच्या सांगण्यावरून हे मी कधी बोललोच नव्हतो.

पण तोंडी करारसुद्धा कायद्यानं चालतो म्हणतात ना?

चालतो. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याच्या कलम १० प्रमाणे दोघं सज्ञान, दोघांची राजीखुशी, मोबदला ठरलेला आणि काम कायदेशीर असलं की करार झाला. कागद पाहिजेच असं सरसकट नाही. पण "पाच पानं ठरली होती" असं तुम्ही म्हणणार आणि "दहा ठरली होती" असं ते म्हणणार, मग खरं कोण? प्रश्न पुराव्याचा आहे.

मग व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुरतं का?

काहीच नसण्यापेक्षा शंभर पटीनं बरं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये कलम १०अ आहे, इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झालेला करार निव्वळ तेवढ्या कारणानं नाकारता येत नाही. कोर्टात दाखवायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून जो भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय त्याच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते वकील बघतो. तुम्ही एवढं करा, ते मेसेज आपोआप गायब होणारं सेटिंग बंद ठेवा, चॅट एक्सपोर्ट करून मेलवर टाका, आणि फोनवर जे ठरलं ते लगेच लिहून पाठवा: "साहेब, आत्ता बोलल्याप्रमाणे सात पानं, ३८ हजार, निम्मे आधी. बरोबर असेल तर 'मान्य' लिहा." नुसत्या अंगठ्याच्या इमोजीवर जाऊ नका, "मान्य" हा शब्द लिहून घ्या.

माझी पद्धत अशी की दोन पानांची पीडीएफ मेल करायची आणि क्लायंटनं त्याच मेलवरून उत्तर द्यायचं. मोठं काम असेल तर आधार ओटीपीवाली ई-साइन. जुन्या पेठेतले मालक असले तर सरळ प्रिंट घेऊन दुकानात जायचं, दोन प्रती, दोघांच्या सह्या, एक त्यांच्या गल्ल्यात एक माझ्या फाइलमध्ये.

शंभरच्या बाँडवर करायचा का? नोटरी?

शंभरचा बाँड आता आठवणीतच. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात बऱ्याच दस्तांना शंभरच्या जागी पाचशेचा स्टँप झाला. स्टँप नाही म्हणून करार रद्द होत नाही, पण स्टँप लागणारा कागद तसाच कोर्टात नेला तर आधी राहिलेली ड्युटी आणि वर दंड भरल्याशिवाय पुरावा म्हणून घेत नाहीत. मी लाखाच्या वरच्या कामाला स्टँपपेपर वापरतो, नेमका दर किती ते वकिलाला विचारून. नोटरी सक्तीची नाही.

करारात सही कुणाची घ्यायची?

दुकानाच्या बोर्डवरचं नाव म्हणजे मालक नव्हे. एकट्याचं दुकान असेल तर मालकाचं स्वतःचं नाव लिहा आणि पुढं "प्रोप्रायटर", कारण कायद्यात दुकान वेगळी व्यक्ती नसते. भागीदारी असेल तर भागीदार. शिक्षणसंस्था, पतसंस्था, ट्रस्ट असेल तर कार्यकारिणीचा ठराव मागा. लाजू नका, ठराव नसताना संगणकाच्या सरांनी "करा सुरू" म्हणून सांगितलेलं काम नवीन चेअरमन आल्यावर कुणाचंच नसतं.

नक्की काय काय लिहायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. पानं मोजून लिहा आणि नावानिशी लिहा, "वेबसाइट" एवढंच लिहिलं तर त्यात दुकानाचं ॲप पण येतं आणि भाच्याच्या लग्नाची पत्रिका पण येते. मजकूर कोण देणार, फोटो कोण काढणार, भाषांतर कोण करणार, भाव जीएसटी धरून की सोडून.

मजकुराचं तर खास. आपल्याकडं क्लायंट म्हणतो "मजकूर तयारच हाय, छापखान्यात पडलाय", आणि छापखान्यातून येते पेजमेकरची फाइल, श्रीलिपी ह्या जुन्या फाँटात टाइप केलेली. ती वेबवर टाकली की "हळद"च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा भडंग होतो. युनिकोडमध्ये बदलायचं, मग जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासायचे, वीस पानी माहितीपत्रकाला माझे दोन दिवस जातात. म्हणून माझ्या करारात सरळ वाक्य आहे:

"मजकूर युनिकोड मराठीत टाइप करून द्यायचा आहे. दुसऱ्या फाँटमधला, स्कॅन केलेला किंवा हातानं लिहिलेला मजकूर आल्यास टायपिंग व तपासणीचे पानामागे वेगळे पैसे पडतील."

पुतण्याच्या प्रकरणानंतर आलेलं कलम हे:

"डिझाइनमध्ये दोन वेळा बदल भावात धरलेले आहेत. एका वेळचे सगळे बदल एकत्र, लेखी द्यायचे. बदल सांगण्याचा अधिकार फक्त श्री. ____ यांना. तिसऱ्या वेळेपासून तासाप्रमाणे पैसे."

त्या मोकळ्या जागेत नाव लिहिताना बघण्यासारखं असतं. घरातली दोघं-तिघं एकमेकांकडं बघतात, मग थोरले म्हणतात, "माझंच लिहा." तिथंच निम्मं काम झालं. एकदा तर नाव कुणाचं यावरून भावाभावांत माझ्यासमोरच जुंपली. मी ते काम घेतलं नाही. फुकट गेलेली ती एक दुपार मी फायद्यातच धरतो.

पैसे कसे मागायचे, किती टप्प्यांत?

इसार घेतल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही. मी ४० टक्के आधी, ३० डिझाइन मंजूर झाल्यावर, ३० साइट लाइव्ह करायच्या आदल्या दिवशी घेतो. लाइव्ह झाल्यावर नाही, आदल्या दिवशी. साइट माझ्या टेस्ट लिंकवर पूर्ण दिसते, सगळं वापरून बघा, पण त्यांच्या डोमेनवर चढते ती हिशोब मिटल्यावर. यावर कुरकुर होते. तेव्हा मी विचारतो, उसाची मोळी गाडीत भरायच्या आधी तोडकऱ्याला उचल द्यावी लागते का नाही? हसतात आणि देतात.

कंपनी क्लायंट असेल, कुपवाड एमआयडीसीतली वगैरे, तर टीडीएस, म्हणजे आयकराचा वाटा, आधीच कापून पैसे येतील, त्यावरून भांडू नका, ते तुमच्या पॅनवर जमा असतं, रिटर्नमध्ये धरायचं. जीएसटी सेवा देणाऱ्याला साधारण वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, पण पुढं लागू झाला तर "कर वेगळा" हे शब्द आत्ताच कागदावर असू द्या.

क्लायंट मजकूरच देत नाही, महिनेच्या महिने. मग?

पैसे बुडवणाऱ्यांपेक्षा हे लोक जास्त भेटतात आणि यांच्यावर रागावता पण येत नाही, कारण माणूस चांगला असतो, फक्त "उद्या देतो" म्हणतो. माझं कलम असं: २१ दिवसांत मजकूर आला नाही तर काम थांबलं असं धरायचं, तोवर झालेल्या कामाचे पैसे द्यायचे, आणि परत सुरू करताना तारीख नवीन मिळेल, जुनी नाही. हे कलम मी वापरलंय कमी, आठवण करून द्यायला दाखवलंय जास्त.

काम झालं हे कोण ठरवणार?

तुम्ही लेखी कळवायचं, "साइट तयार आहे, लिंक ही." त्यावर ठराविक दिवसांत लेखी तक्रार नाही आली तर काम मान्य. एमएसएमई कायद्यात, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कायद्यात, पण हाच हिशोब आहे, सेवा दिल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही तर ती स्वीकारली असं धरतात. मी तेच १५ दिवस लिहितो. पुढचे ३० दिवस माझ्या चुका फुकट दुरुस्त. फॉर्मचं बटण चालत नाही, ही चूक. "बटण गोल पाहिजे होतं", हा बदल. दोन्ही उदाहरणं मी करारातच लिहून टाकलीत.

पैसे दिलेच नाहीत तर खरंच काही करता येतं का?

येतं, पण आधी तयारी पाहिजे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडं नोंद, करून घ्या, ऑनलाइन आहे, फुकट आहे, आणि पहिलं काम घ्यायच्या आधीच करा, मागाहून केली की वाद होतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या एमएसएमई कायद्यानं पैसे देण्याची मुदत करारात ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही, आणि मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीनं. सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो, तो थकलेल्या पैशांचे वाद बघणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं जातो. मी माझ्या बिलाखाली उद्यम नंबर आणि हे व्याजाचं एक वाक्य छापतो. नुसतं छापल्यानं अकाउंटवाल्याचा सूर बदलतो.

याशिवाय वकिलाची नोटीस आहे, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणातर्फे लोकअदालत असते, तिथं दावा दाखल करायच्या आधीच प्रकरण ठेवता येतं आणि कोर्ट फी लागत नाही. लेखी करार आणि ठरलेली रक्कम असेल तर समरी सूट नावाचा दावा पण करता येतो, तो साध्या दाव्यापेक्षा आटोपशीर असतो. दावा करायची मुदत तीन वर्षांची, हे डोक्यात ठेवा. त्या तीन वर्षांच्या आत समोरच्यानं "तुमचे १५ हजार देणं आहे, दिवाळीत देतो" असं लिहून सही करून दिलं तर मुदत तिथून नव्यानं मोजतात. फोनवर शिव्या देण्यापेक्षा ती एक ओळ लिहून घ्या.

साइट कुणाच्या मालकीची? डोमेन माझ्या नावावर ठेवू का, म्हणजे क्लायंट कुठं जाणार नाही?

डोमेन अडकवून ठेवू नका. मला हे पटत नाही, आणि गावात नाव खराब व्हायला एक डोमेन पुरतं. मिरजेत एका डॉक्टरांची साइट नव्यानं करायला घेतली तर डोमेन आधीच्या पोराच्या मेलवर, पोरगा परदेशात, रिन्यू करायची तारीख उलटून गेलेली. डॉट कॉमला मुदत संपल्यावर सोडवून घ्यायचा ३० दिवसांचा काळ असतो, त्यात पैसे जास्त पडतात, पण आम्ही त्या पोराला गाठून तेवढ्यात सोडवलं. तेव्हापासून डोमेन आणि होस्टिंग क्लायंटच्या मेलवर, क्लायंटच्या कार्डवर, मी फक्त शेजारी बसून भरून देतो.

डिझाइनचं वेगळं आहे. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे फ्रीलान्सरनं केलेल्या डिझाइनचा, कोडचा पहिला मालक तो स्वतः असतो, नोकरीत असता तर मालकाचा झाला असता. क्लायंटला हक्क द्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि तुमच्या सहीनं द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, हद्द लिहिली नाही तर फक्त भारत. म्हणजे बघा, कागद क्लायंटलाच जास्त लागतो, हे त्यांना सांगितलं की सही करायला पेन तेच शोधतात. मी लिहितो, "पूर्ण पैसे मिळाल्यावर डिझाइनचे हक्क कायमचे व जगभरासाठी क्लायंटला." पूर्ण पैसे मिळाल्यावर, हे तीन शब्द विसरू नका. आणि वर्डप्रेस, फाँट, विकतची थीम यांचे हक्क तुमचे नाहीतच, ते ज्या त्या लायसनप्रमाणे, हेही लिहा.

क्लायंट म्हणतो उशीर झाला तर दिवसाला हजार रुपये दंड, आणि वर दुसऱ्या हळदवाल्याचं काम करायचं नाही. सही करू का?

दंडाची रक्कम आणि कमाल मर्यादा बोलून कमी करून घ्या. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेला आकडा म्हणजे वरची मर्यादा. पण क्लायंटनं शेवटच्या हप्त्यातून परस्पर कापून घेतले तर तुम्ही कोर्टात कधी जाणार? मी लिहितो की मजकूर किंवा मंजुरी जितके दिवस उशिरा, तितकी माझी तारीख पुढं. मग दंडाची भाषा आपोआप मऊ होते. दुसऱ्याचं काम करू नको हे, काम संपल्यानंतरसाठी असेल तर, त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे टिकत नाही, धंदा करायला बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दच असतो. तरीपण सही करू नका, खोडायला लावा. सांगलीत हळदवाले सोडून कामं करायची म्हटल्यावर राहिलं काय?

पुराचं कलम खरंच घालता का?

घालतो. २०१९ ला आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी पेठांत शिरलं तेव्हा क्लायंटच्या दुकानात चिखल होता आणि माझ्याकडं लाइट नाही, नेट नाही. अशा दिवसांत तारीख कुणी मोजायची नाही आणि हप्ता पण कुणी मागायचा नाही, लाइट आल्यापासून सात दिवसांनी दोघांनी बोलायचं, एवढंच लिहिलंय. या एका कलमावर कुणी कधी घासाघीस केली नाही.

गुगलवर पहिला नंबर लिहून द्या म्हणतात.

देऊ नका. गुगल तुमच्या हातात नाही. काय काय करणार ते लिहा, नंबर लिहू नका.

मी सतरा वर्षांचा आहे, कामं मिळतात. माझ्या सहीचा करार चालेल का?

नाही, १८ पूर्ण पाहिजेत. आई किंवा वडिलांच्या नावानं बिल करा आणि करार त्यांच्या सहीनं. आणि बारावी पण द्या.

पुण्याच्या एजन्सीनं चौदा पानी इंग्लिश करार पाठवलाय.

सगळा वाचा, नाही समजलं तर वाचून घ्या. दोन जागा आधी बघा. एक, "आमच्या क्लायंटकडून पैसे आल्यावर तुम्हाला देऊ" असं कुठं लपलंय का, ते तारखेत बदलून घ्या. दुसरं, वाद कुठल्या कोर्टात. छोट्या रकमेसाठी मुंबईच्या फेऱ्या परवडत नाहीत. ज्या कोर्टांचा मुळात संबंध येतो त्यातलंच एक निवडता येतं, तेव्हा काम सांगलीतून होत असेल तर सांगली मागून बघा. आणि तुमचा स्वतःचा करार मराठीत असला तरी चालतो, समोरच्याला वाचता आला म्हणजे झालं.

क्लायंट सख्खा मामा आहे. आता?

मामाचं काम मी फुकट केलं, पण बिल केलं. साइटचे २८ हजार, खाली "भाच्याकडून सूट २८ हजार", देणे शून्य, बदल दोन वेळा, बदल सांगणार फक्त मामा. मामानं ते मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं, दोघं हसली, दुसऱ्या दिवशी द्राक्षाची पेटी आली. नंतर एकदा फोन आला, "अरे, शेजारच्या बापूंचा फोटो पण टाकायचाय, ते दोन बदलांत बसतंय का त्याचं वेगळं बिल काढतोस?"